मळखाऊ रंग

"तुमच्याकडे कुणी गेलंय का गं?"

काकूंनी माझा कुर्ता दोन बोटांत धरून वर उचलला होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकतात, तसा. कुर्ता पांढरा होता, नवा होता, त्याची इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. खाली पलंगावर त्या घरातल्या सगळ्यांचे गोव्याला न्यायचे कपडे पसरलेले होते. लाल, पिवळे, फुलाफुलांचे, इंग्रजी अक्षरांचे.

मी म्हणाले, "नाही काकू. का?"

"मग हे गमीतलं सफेद कशाला आणलंस? गोव्याला चाललोय आपण."

वहिनी हसल्या. केतकी हसली नाही. केतकी माझी मैत्रीण, काकूंची मुलगी; वहिनी तिच्या भावाची बायको. ती नवी टोपी डोक्यावर घालून आरशात बघत होती आणि बघतच राहिली. मग काकूंच्याच डोक्यात उजेड पडला. त्यांनी आवाज खाली आणला. मोठ्याने बोललेलं एकवेळ सोसतं. असा खाली आणलेला आवाज फार लागतो.

"अच्छा, तुमच्यात पांढरं चालतं, नाही का? सणावाराला. मला ध्यानातच नाही राहिलं. पण तिकडे नको गं. लोक विचारतात मग, ही कोण म्हणून."

तुमच्यात. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी त्या घरात येत होते. केतकीच्या डब्यातलं खात होते, ती माझ्या डब्यातलं खात होती. तो शब्द त्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे तो आधीपासून होताच. फक्त माझ्यासमोर काढला नव्हता.

काकूंनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि एक सलवार-कुर्ता काढून माझ्या हातात ठेवला. चॉकलेटी. काखेत विटलेला, गळ्याशी टाके उसवलेला.

"हा घाल तिकडे. आधी कामाला होती ना ती मुलगी, तिचा आहे. धुतलाय. रंग मळखाऊ आहे. चिऊ दिवसभर तुझ्याच अंगावर असणार, काही सांडलं-बिंडलं तरी दिसायचं नाही."

चिऊ म्हणजे वहिनींची मुलगी. नुकती चालायला लागलेली. मला गोव्याला कशासाठी नेत होते, ते मला तेव्हा कळलं. हातात तो चॉकलेटी कुर्ता घेऊन मी उभी होते आणि खालून रस्त्यावरून सायकलची घंटी ऐकू येत होती. मला पोचवून बाबा घरी परत निघाले होते.

आता मागचं सांगते.

आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात राहायचो, कापडमिलच्या मागच्या गल्लीत. माझे आजोबा महूला पलटणीत होते. बाबा मिलमध्ये मागावर. मिल बंद झाली त्याचा तो दुसरा उन्हाळा. बंद झाली असं कुणी म्हणायचं नाही. "अभी बंद है" म्हणायचे. त्या 'अभी'वर अख्खी गल्ली जगत होती. बाबा रोज पहाटे पाळीच्या वेळेला उठायचे, अंघोळ करायचे, शर्टाला इस्त्री करायचे आणि मिलच्या फाटकाशी जाऊन बसायचे. तिथे त्यांच्यासारखे पुष्कळ जण बसलेले असायचे. बारा वाजता घरी येऊन जेवायचे.  इस्त्रीचे कोळसे आई रोज न चुकता तयार ठेवायची. त्या शर्टाच्या घडीवरच त्यांचं सगळं उभं होतं, हे तिला माहीत होतं.

केतकीचं घर स्नेहलतागंजमध्ये. मराठीच माणसं. संस्थानच्या काळात त्यांचे पणजोबा दरबारात होते, दिवाणखान्यात भिंतीवर तलवार टांगलेली होती. तलवारीखाली रंगीत टीव्हीचे खोके. काकांनी नुकतीच परदेशी टीव्हीची एजन्सी घेतली होती. इकडे आमची मिल बसली आणि तिकडे त्यांचं घर वर आलं. त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. वारं ज्याच्या शिडात भरलं, त्याची नाव पुढे गेली.

परीक्षा संपल्यावर केतकी म्हणाली, आम्ही गोव्याला जातोय, तू पण चल. मी म्हणाले, घरी विचारते. दुसऱ्या दिवशी काकूंनीही तेच सांगितलं. केतकीला कंपनी होईल, तुझंही फिरणं होईल, तिकिटाची चिंता करू नकोस. मी उडतच घरी आले. जुनी इंदूर मोहल्ल्यात राहणारी मावशी त्या दिवशी आमच्याकडे आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे." मावशीची जीभ तशी तिखटच. आईने तिला गप्प केलं. मलाही राग आला होता. मैत्रिणीच्या प्रेमाला ही बाई लांडगा म्हणते.

बाबांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. ते दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, लौंगवाल्या शेवेची पिशवी घेऊन केतकीकडे गेले. कशाला, तर आभार मानायला. आपली मुलगी कुणी एवढ्या लांब नेतं, तर बापाने जाऊन भेटायला नको का, असं त्यांचं म्हणणं. परत आले ते खुशीत. काकूंनी त्यांना काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवलं. "भाऊ, तुम्ही काळजी नका करू. आमच्या केतकीसारखीच ती. मैत्रीण म्हणून नेतोय."

"बड़े लोग हैं," बाबा म्हणाले, "पण घमंड बिलकुल नाही."

आईने विचारलं, चहा दिला का. बाबा म्हणाले, मीच नको म्हणालो. आईने विचारलं, आत बसवलं का. बाबा म्हणाले, अगं, पोर्चमध्येच हवा छान होती.  आई उठून पोळ्या करायला गेली.

मग कपड्यांचा घोळ सुरू झाला.

केतकीने मला बजावलं होतं, भारी काही आणू नकोस, समुद्रावर कॅजुअल लागतं. घरी ते समजावताना माझी पुरेवाट झाली. आमच्याकडे घरात जुनं घालायचं आणि बाहेर जाताना चांगलं. एवढ्या लांब जायचं, लोकांत राहायचं, आणि मुद्दाम साधं घालायचं, हे आईच्या डोक्यात शिरेना. मी बाबांना सांगितलं की केतकीने जी जीन्स घेतली ती नवी असून विटवलेली आहे, दगडांनी घासून. बाबा पार चक्रावले. "कोरं कापड मुद्दाम विटवतात? मिलवाले पागल झाले का?" म्हणाले. मग स्वतःशीच हसत बसले. ज्याला कुणी हटकणार नाही, त्याने विटकं घालावं. आम्ही विटकं घातलं तर दुकानदार आत घेत नाही. हे तेव्हा मला शब्दांत सांगता आलं नसतं, पण आईला ते ठाऊक होतं.

केतकीचे कपडे घ्यायला मी तिच्याबरोबर एमजी रोडला गेले होते. नवं रेडिमेडचं दुकान, काचेचा दरवाजा. दुकानातला मुलगा म्हणत होता, "दीदी, गोवा जा रहे हो तो ये देखो, एकदम समर का माल है." केतकी एकेक घालून बाहेर यायची आणि मला विचारायची, हे कसं, ते कसं. मी सांगेन ते घ्यायची. पिवळा स्कर्ट मी निवडला, फुलांचा शर्ट मी निवडला, टोपीची लाल फीत मी निवडली. मला वाटायचं, माझा शब्द इथे चालतो. एक फिरोजी रंगाचा टी-शर्ट होता, त्याच्यावरून माझा हात हलेना. केतकी म्हणाली, तू पण घे ना. ती सहज म्हणाली. तिला सगळंच सहज होतं. मी म्हणाले, माझं घरी शिवतायत.

घरी खरंच शिवत होते. ट्रंकेत पांढरं पॉपलीन होतं, बाबांच्याच मिलचं. मिल चालू असताना कामगारांना मिलच्या दुकानातून कापड मिळायचं आणि दर वर्षी बुद्धपौर्णिमेला आमच्या घरात सगळ्यांना नवे पांढरे कपडे व्हायचे. त्या वर्षी शेवटचा तुकडा उरला होता. एका माणसापुरता. तो बाबांच्या सदऱ्यासाठी ठेवलेला होता. त्यांचा जुना सदरा मानेवर फाटला होता.

मी म्हणत होते, मला रंगीत हवं. बाबा म्हणाले, रंगीत काय, कुणीही घालतं. पौर्णिमा तुझी तिकडेच येणार आहे. समुद्राकाठी पांढरं घालून पौर्णिमा करशील. आपल्यात आजपर्यंत कुणी केली नाही.

मग त्यांनी तीच जुनी गोष्ट सांगितली. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या लोकांना गावात नवं कापड घालायची बंदी होती. मढ्यावरचं कापड मिळायचं. मसणवटीत प्रेतावरून उतरवलेलं, तेच धुवून नेसायचं. आजोबा पलटणीत भरती झाले, पहिल्या सुट्टीत घरी आले, ते कोरं पांढरं घालून. त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायदा आहे. कुणाचं उतरलेलं अंगावर घ्यायचं नाही. फाटकं चालेल, ठिगळाचं चालेल, पण आपलं. आणि चांगल्या दिवशी पांढरं. बारसं असो, लग्न असो, विहारात जायचं असो, पांढरं.

बाबांनी पॉपलीन काढून दिलं. मावशीने तिच्या मशीनवर शिवलं. तोंडाने बोलत होती, लांडग्याच्या मागे चाललीस म्हणून, आणि हाताने एकेक शिलाई जपून घालत होती. सैल कुर्ता, कोपरापर्यंत बाह्या. पाण्यात भिजलं तर अंगाला चिकटू नये म्हणून आतून अस्तर लावलं. मी हट्टाने दोन खिसे लावून घेतले, शिंपले ठेवायला. शिवून झाल्यावर मी घालून दाखवला. बाबा लांब जाऊन उभे राहिले आणि बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, समंदर का पानी सच में खारा होता है क्या, ते चाखून सांग मला. पुस्तकात लिहितात, पण कुणाचा भरोसा."

सगळं सामान एकत्र बांधायचं म्हणून काकूंनी मला आदल्या दिवशीच राहायला बोलावलं. बाबा सायकलवरून सोडायला आले. फाटकाबाहेरच थांबले. आणि वर जाऊन मी पिशवी उघडली, तेव्हा काकूंनी तो कुर्ता उचलला. दोन बोटांत.

मी तेव्हाच का परत फिरले नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. विचारणं सोपं आहे. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. मिलच्या फाटकाशी बसणाऱ्या सगळ्यांना सांगितलं होतं. हमारी बेटी गोवा जा रही है, सहेली के साथ. त्या दोन उन्हाळ्यांत त्या माणसाकडे दुसऱ्याला सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती. मी पिशवी घेऊन घरी गेले असते, तर ती गोष्टही गेली असती. मी पांढरा कुर्ता घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवला. चॉकलेटी वर ठेवला.

गाडीत काकूंनी जेवण काढलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. सगळ्यांना स्टीलच्या ताटल्या. मला कागदावर. पाण्यासाठी एक हिरवा प्लास्टिकचा मग वेगळा आणला होता. काकू म्हणाल्या, "हा तुझा. नीट सांभाळ, उगाच अदलाबदल नको." केतकी खिडकीबाहेर बघत पुरी खात होती. हीच केतकी कॉलेजमध्ये माझ्या डब्यातली भाकरी हिसकावून घ्यायची. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने एकदा तरी बघावं, एवढंच वाटत होतं. तिने बघितलं नाही.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे होती. चिऊ लाटांना घाबरून रडायला लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, तिला घेऊन तिकडे तोंड करून बस. मी बसले. समोर नारळीची झाडं, चपलांचा ढीग, कॅमेऱ्याची पिशवी, सगळ्यांचे टॉवेल. मागे समुद्राचा आवाज आणि केतकीचं हसणं. पिवळा स्कर्ट घालून ती पाण्यात नाचत होती. तो तिला फार शोभत होता. मीच निवडला होता.

चॉकलेटी कुर्त्यावर चिऊने दूध सांडलं, केळं चोळलं, मग आइस्क्रीम. काकूंचं खरं होतं. काही दिसत नव्हतं. वास मात्र येत होता. शिवाय त्या कुर्त्याला आधीच एक घामाचा वास होता, धुऊनही न गेलेला. ती आधीची मुलगी कोण होती, कुठे गेली, माहीत नाही. तिचा घाम माझ्या अंगावर होता आणि आजोबांचा कायदा माझ्या डोक्यात. लेकरू गोड होतं. माझ्या खांद्यावर झोपायचं. तिच्यावर राग धरता येईना, आणि हे मला जास्त जड जात होतं. रात्री मी खोलीच्या दाराशी चटईवर झोपायचे, तिच्या पाळण्याजवळ. तोंडात पदराचा बोळा कोंबून रडतात, तसं रडायला मला पदरही नव्हता. चॉकलेटी बाही होती.

पौर्णिमेच्या सकाळी मी लवकर उठले. अंघोळ केली. पिशवीच्या तळाशी हात घातला. कुर्ता चुरगळला होता, इस्त्रीची घडी गेली होती. मी तो अंगात घातला. पूर्वेकडे तोंड करून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. मला घर आठवलं. त्या वेळी आमच्या विहारात सगळे जमलेले असणार. आई, मावशी. बाबा मानेवर फाटलेल्या सदऱ्यात.

बाहेर वाळूवर खुर्च्या टाकून सगळे नाश्ता करत होते. मी येताना काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सांगितलं होतं ना, पांढरं नको? जा, बदलून ये. चिऊला भरवायचंय."

मी म्हणाले, "काकू, आज आमचा सण आहे. मी बदलणार नाही."

"अगं, सण घरी करायचा. इथे कामं आहेत."

"मी कामाला आलेली नाही. तुम्ही माझ्या बाबांना सांगितलं होतं, मैत्रीण म्हणून नेतो."

काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी समजुतीने, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"मग काय सांगायला पाहिजे होतं त्यांना? घरी बसलेला माणूस. हात जोडून उभा होता गं गेटवर. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. लाट नव्हती तिथे. बाबा घरी येऊन जे दोनदा सांगत होते, गल्लीभर सांगत होते, जे घेऊन ते मिलच्या फाटकाशी ताठ मानेने बसले होते, ते या बाईने भिकाऱ्याच्या हातावर टाकावं तसं टाकलं होतं. आणि बाबांनी ते मान म्हणून घरी आणलं. चहा मीच नको म्हणालो. पोर्चमध्ये हवा छान होती. माझ्या छातीत काहीतरी तुटलं ते तिथे. कागदावर जेवले तेव्हा तुटलं नव्हतं.

मी खोलीत गेले. चॉकलेटी कपडे नीट घडी करून आणले आणि काकूंच्या खुर्चीच्या हातावर ठेवले. वर हिरवा मग ठेवला. चिऊ माझ्याकडे हात पसरत होती. तिला उचलून वहिनींच्या मांडीवर दिलं. वहिनी गोंधळून म्हणाल्या, अगं, मला येत नाही तिला सांभाळता. मी म्हणाले, येईल.

मग केतकीकडे पाहिलं. आता तरी. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "यार, असं का करतेस? सबका मूड गेला."

त्याच क्षणी केतकी माझ्यासाठी संपली. काकूंचं मला आज तितकं दुखत नाही. त्यांच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार होते? पण हिच्या टोपीची फीत मी निवडली होती.

मी चालत पाण्यात गेले. पौर्णिमेची भरती होती, पाणी वर आलेलं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मागून काकांचा आवाज आला, आगे मत जाओ. मी गेले. एक लाट डोक्यावरून गेली आणि नाकातोंडात पाणी शिरलं. खारट. इतकं खारट की जीभ भाजली. मावशीचं अस्तर होतं, कुर्ता अंगाला चिकटला नाही. मी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले आणि ओरडून रडले. लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी मला पर्वा नव्हती.

परतीचा प्रवास त्यांच्याबरोबरच झाला, दुसरा रस्ता नव्हता. मी माझ्या वरच्या बर्थवर बसून होते. त्यांच्या हातचं खाल्लं नाही. स्टेशनवर उतरून चहा घेतला. काकूंनीही तोच घेतला, त्याच किटलीतला, तसल्याच मातीच्या कुल्हडमधून. इंदूरला उतरल्यावर मी पिशवी उचलली आणि सरळ चालायला लागले. कुणी हाक मारली नाही.

घरी सगळे वाट बघत होते. आईने आधी मिठी मारली. बाबांनी पिशवी घेतली. त्यांनी कुर्ता बाहेर काढला. मी तो धुतला नव्हता. वाळून कडक झाला होता, शिवणींत वाळू होती, खिशात तुटक्या शिंपल्यांचा चुरा. बाबांनी बाहीवरून बोट फिरवलं. मग ते बोट जिभेला लावलं.

"खारा है," ते म्हणाले. आणि इतके हसले, इतके हसले. "सच में खारा है, गं."

नंतर म्हणाले, नीट ठेवलं ना तुला त्यांनी?

मावशी माझ्याकडे बघत होती. ती ओळखून होती. मी सगळं सांगितलं. कागद, मग, चटई, चॉकलेटी कुर्ता. आणि गेटवरचं ते वाक्यही सांगितलं. आई म्हणत होती, पुरे, पुरे. मी थांबले नाही. त्या बाईने बाबांना खोटा मान दिला होता आणि तो त्यांनी उशाशी घेऊन झोपावं, हे मला चालणार नव्हतं. खोट्यावर माणूस किती दिवस ताठ बसणार?

बाबा शिवणीतली वाळू बोटाने काढत राहिले. कुर्ता त्यांच्या मांडीवर होता.

"मी तर खरंच हात जोडले होते गं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठले, अंघोळ केली. आईने कोळसे तयार ठेवले होते. बाबांनी चुरगळलेलाच शर्ट घातला आणि बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी शर्टाला इस्त्री केली नाही. पुढे मिल उघडली नाही. पुढच्या वर्षी त्यांना नवा सदरा शिवता आला नाही, आणि मी नोकरीला लागून शिवला तेव्हा तो अंगावर सैल झाला होता. समुद्र त्यांनी पाहिला नाही. बाहीवर आलेला तेवढाच.

लोक म्हणतात, बापाला सांगायला नको होतं. मी ते ऐकून घेते. माझा बाप खोटं बोलून गप्प बसवण्याएवढा लहान नव्हता. तो तेवढा आहे असं समजली ती काकू. मी समजणार नाही.

आज मी ऑफिसात मोठ्या टेबलावर बसते. उन्हाळा आला की बरोबरच्या मुली समुद्रावर जायचे बेत करतात. काय घालायचं, काय न्यायचं, सुती की आणखी काही. मला म्हणतात, मॅडम, तुम्ही पण चला. त्या पोरी चांगल्या आहेत. तरी मी प्रत्येक वेळी, कुणीही असो, लग्नाचं बोलावणं असो की सहलीचं, समितीचं असो की जेवणाचं, आधी विचारते. मला कशासाठी नेताय? कोण म्हणून नेताय? तोंडावर सांगा, चारचौघांत सांगा. काहींना राग येतो. येऊ दे. हात जोडून मी कुणाच्या गेटवर उभी राहणार नाही आणि माझ्या घरातलं कुणी उभं राहिलेलं मला खपणार नाही.

आणि मळखाऊ रंग मी अंगाला लावत नाही. दुकानदार सांगतो, मॅडम, पांढरं फार मळतं. मी म्हणते, तेच दे. मळ लागला तर तो दिसला पाहिजे. कुणाचा हात लागला, तेही दिसलं पाहिजे.